पाठ केलेलं भाषण कुठे अडतं आणि त्याऐवजी काय करायचं

1 ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती एकाच दिवशी येते. अण्णाभाऊ वाटेगावचे, म्हणजे आमच्या वाळवा तालुक्यातलेच. त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे शाळाशाळांतून भाषणं असतात. अशाच एका स्पर्धेत माझी सहावीतली एक विद्यार्थिनी टिळकांवर बोलत होती. सात मिनिटांचं भाषण. मी लिहून दिलेलं, तिनं बारा दिवसांत तोंडपाठ केलेलं. "सहा वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना मंडालेच्या" इथवर आली आणि हॉलच्या पत्र्यावर पावसाची सर कोसळली. तिनं एकदा वर पाहिलं. खाली पाहिलं तेव्हा पुढचा शब्द गेलेला होता.

ती मागे गेली. "मंडालेच्या… मंडालेच्या…" म्हणाली. मग थेट "व्यासपीठावर विराजमान झालेले अध्यक्ष महाशय"पासून पुन्हा सुरू झाली. सगळं घडाघडा म्हणत त्याच शब्दाशी येऊन थांबली. तिसऱ्यांदा प्रयत्न न करता नमस्कार करून खाली आली आणि माझ्या शेजारी बसून राहिली. परतताना एस.टी.त खिडकीशी बसून तिनं मला ते अख्खं भाषण म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

मी तिला विचारलं, "बाळा, मंडालेला टिळकांनी काय केलं?" ती म्हणाली, "बाई, त्यांनी पेन्सिलीनं गीतारहस्य लिहिलं. आणि सुटले तेव्हा वह्या सरकारनं ठेवून घेतल्या. लोकांना काळजी वाटली, पण ते म्हणाले, वह्या नाही मिळाल्या तरी माझ्या डोक्यात आहे, परत लिहीन." वह्यांची गोष्ट मी लिहून दिलेल्या भाषणात नव्हती. तिनं ती कुठंतरी ऐकली होती, तिला आवडली होती म्हणून ती लक्षात राहिली होती. व्यासपीठावर ती अडली तेव्हाही ही गोष्ट तिच्याजवळ होतीच. पण मी तिला दिलेल्या वाटेवर ती गोष्ट कुठंच येत नव्हती.

त्या दिवसापासून मी मुलांकडून भाषण पाठ करून घेणं बंद केलं. नंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी दहा-बारा मुलं तयार केली, आता गल्लीतली येतात. त्या अनुभवातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. शाळकरी मुलांसाठी आहे, पण निरोप समारंभात किंवा सोसायटीच्या सभेत बोलायला उभं राहणाऱ्या मोठ्या माणसांनाही उपयोगी पडेल.

पाठांतर का अडतं

लहान मुलाला विचारा, "सात आठे किती?" पुष्कळ मुलं मनातल्या मनात सात एके सातपासून सुरू करतात आणि पळत पळत छप्पन्नपर्यंत येतात. मधूनच दार उघडून आत जाता येत नाही. शब्दशः पाठ केलेल्या भाषणाचं तेच होतं. प्रत्येक शब्दाला त्याच्या मागचा शब्द ढकलतो. अर्थ पुढे नेत नसतो, नाद नेत असतो. एक दुवा निसटला की पुढचं सगळं डोक्यात असूनही हाती येत नाही, आणि मूल नैसर्गिकपणे जिथून वाट माहीत आहे तिथं म्हणजे सुरुवातीला जातं.

घरी हे कळत नाही, कारण घरी पाऊस पत्र्यावर पडत नाही. ओळखीची खोली, आईचा चेहरा, तोच पलंग. स्पर्धेत हृदय धडधडत असतं, पहिल्या रांगेत अनोळखी परीक्षक बसलेले असतात, माइक शिट्टी मारतो. लक्ष एक क्षण तिकडं गेलं तरी साखळी तुटायला तेवढं पुरतं.

मोठ्या माणसांनाही यातून सुटका नाही. विन्स्टन चर्चिल तरुणपणी भाषणं तोंडपाठ करून संसदेत बोलायचे. एप्रिल 1904 मध्ये तिथंच एका भाषणात पाऊण तास बोलून झाल्यावर त्यांचं वाक्य मध्येच तुटलं. पुढचं आठवेना. सभासदांचे आभार मानून ते खाली बसले. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर ते हातात टिपणं घेऊनच उभे राहिले. भाषणात अडलेल्या मुलांना मी ही हकिकत सांगते, कारण आपण बुद्धीनं कमी आहोत असं त्यांना वाटू लागतं. तसं अजिबात नसतं.

अडलं नाही तरी नुकसान होतंच, आणि ते मला परीक्षक म्हणून बसायला लागल्यावर जास्त दिसलं. पाठ केलेल्या भाषणाला एक सूर लागतो. प्रत्येक वाक्य वर चढतं आणि शेवटी त्याच जागी पडतं. नजर आढ्याला लागते, कारण मूल तिथं लिहिलेलं वाचत असतं. "सिंहगर्जना" म्हटलं की उजवा हात वर, "स्वराज्य" म्हटलं की मूठ छातीवर. हात आधी पोचतो, शब्द मागून येतो. शेंगांच्या टरफलांची गोष्ट एका सकाळी मी सात मुलांकडून ऐकली आहे, चौघांकडून अगदी त्याच शब्दांत. भाषणांची पुस्तकं तीच, आता मोबाइलवरचे व्हिडिओही तेच. सहाव्या मुलाला स्वच्छ कळत होतं की ही गोष्ट आधी पाच वेळा होऊन गेली आहे. तरी त्याला ती सांगावीच लागली, कारण ती वगळली तर पुढचा शब्द कुठून येणार?

आणि वेळ. आयोजक ऐनवेळी सांगतात, स्पर्धक जास्त आहेत, सातऐवजी पाच मिनिटं. पाठ केलेल्या मुलापुढे मग एकच उपाय उरतो, भरभर म्हणणं. शेवटची घंटा वाजते तेव्हा टिळक अजून डेक्कन एज्युकेशन सोसायटीतच असतात.

आधी सांगायचं, मग लिहायचं

हा क्रम मी सगळ्यांत महत्त्वाचा मानते. आपण उलटं करतो. बाई किंवा बाबा भाषण लिहितात, मूल ते गिळतं. "अलौकिक प्रतिभेचे धनी", "पारतंत्र्याच्या शृंखला" असे शब्द सहावीतल्या जिभेवर बसत नाहीत. ते नुसते चिकटवलेले असतात, म्हणून लवकर सुटतात.

विषय मिळाला की पहिले दोन दिवस कागद काढू नका. मुलाला वाचू द्या, तुम्ही गोष्टी सांगा, ऐकवा. तिसऱ्या दिवशी आजी भाकरी करत असेल तर मुलाला तिच्याजवळ बसवा आणि म्हणा, "आजीला टिळकांचं सांग." आजी मध्येच विचारेल, "मंडाले कुठं आलं रे?" त्याला ब्रह्मदेश सांगावा लागेल. "मग बायकोला बरोबर नेलं का?" तेव्हा त्याला शोधावं लागेल आणि कळेल की टिळक तुरुंगात असतानाच 1912 मध्ये सत्यभामाबाई इकडं वारल्या. हे त्याच्या मनाला लागेल. मनाला लागलेलं पाठ करावं लागत नाही.

हे सांगणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मग ते ऐकत त्याच्याच शब्दांत उतरवून काढा. वाक्य लहान असतील, तशीच ठेवा. तेवढाच त्याचा श्वास आहे. व्याकरण सुधारा, चुकलेली माहिती सुधारा, पण तुमची भाषा त्यात ओतू नका. माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षिकेला हे फार जड गेलं. पोरानं "लई चिडले" म्हटलं की हात शिवशिवतो. व्यासपीठावर "खूप चिडले" म्हणायला सांगा आणि तिथंच थांबा. "क्रोधाग्नीने पेटून उठले" लिहू नका.

थांबे ठरवायचे

पेठ नाक्यावरून कराडला निघालेली एस.टी. नेर्ले, कासेगाव, मलकापूर असे थांबे घेत जाते. ड्रायव्हरला रस्त्यातला प्रत्येक दगड पाठ नसतो. मध्ये काम चालू असलं तर तो बाजूच्या रस्त्यानं गाडी काढतो आणि पुढच्या थांब्यावर येतो. भाषणाचे असे पाच थांबे ठरवायचे. पाच मिनिटांना पाच पुरतात. सात मिनिटांनाही मी पाचच देते आणि प्रत्येक ठिकाणी थोडं जास्त रेंगाळायला सांगते.

टिळकांवरच्या भाषणाचे माझ्या एका विद्यार्थ्यानं ठरवलेले थांबे असे होते: रत्नागिरी, केसरी, खटला, पेन्सिल, गर्दी. रत्नागिरी म्हणजे 23 जुलै 1856चा जन्म आणि बालपण. केसरी म्हणजे 1881 साल, आगरकर आणि छापखाना. खटला 1908चा. पेन्सिल म्हणजे मंडाले. गर्दी म्हणजे 1 ऑगस्ट 1920, मुंबईतली अंत्ययात्रा. पोस्टकार्डाच्या चतकोराएवढ्या पाच चिठ्ठ्या करायच्या आणि प्रत्येकीवर एकच शब्द, जाड अक्षरात. वाक्य लिहायचं नाही. वाक्य लिहिलं की मूल ते वाचू लागतं आणि पुन्हा पाठांतराकडं वळतं. शब्द शक्यतो डोळ्यांपुढे येणाऱ्या वस्तूचा हवा. "देशभक्ती" अशा चिठ्ठीवरून काहीच सुचत नाही. "पेन्सिल"वरून सुचतं.

लहान मुलांना मी शब्दाऐवजी चित्र काढायला सांगते. तिसरीतल्या एका मुलीनं सावित्रीबाईंच्या भाषणासाठी काढलेली चित्रं आठवतात: शेणाचा गोळा, लुगड्याची घडी, शाळेची घंटा, आणि पाठीवर घेतलेलं आजारी मूल. 3 जानेवारीला ती चार चित्रांवर चार मिनिटं बोलली.

चिठ्ठ्या पिसायच्या

थांबे पक्के झाले की त्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसा. मुलानं एक ओढायची आणि तिथूनच बोलायला लागायचं. आज "खटला" आधी, मग "रत्नागिरी". पहिल्या दिवशी मुलं गोंधळतात, रडकुंडीलाही येतात. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कळतं की भाषणात कुठूनही शिरता येतं. ही एक गोष्ट जमली की अडण्याची भीती निम्मी संपते, असं मी खात्रीनं सांगते.

वेदपाठ करणाऱ्यांना तर एकेक स्वर जपायचा असतो, त्यांचं पाठांतर शब्दशः असणारच. पण तेही नुसत्या सरळ साखळीवर विसंबत नाहीत. घनपाठात पहिला-दुसरा शब्द म्हणतात, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असं पुढे सरकत जातात. उलटसुलट म्हणता आलं तरच ते पक्कं, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं बसावं लागतं. आपल्याजवळ बारा दिवस आहेत आणि जपायचा आहे तो अर्थ.

चिठ्ठ्या पिसण्याबरोबर माणसंही बदला. एकदा आजीला, एकदा बालवाडीतल्या भावाला, एकदा खेळायला आलेल्या मैत्रिणीला. भावाला सांगताना "राजद्रोह" हा शब्द चालणार नाही, तो समजावून सांगावा लागेल. दर वेळी शब्द वेगळे येतील. ते वेगळे यायलाच हवेत. सलग दोनदा भाषण हुबेहूब तेच आलं तर मी मुलाला थांबवते आणि वेगळ्या तऱ्हेनं सांगायला लावते.

आरशासमोर सराव मला पटत नाही. मूल स्वतःकडं बघायला शिकतं, समोरच्याकडं नाही. त्यापेक्षा पंखा मोठा करून, दार उघडं ठेवून, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना बोलू द्या. शक्य असेल तर शाळेच्या मैदानावर न्या आणि वीस पावलांवर उभं राहून ऐका.

काय मात्र पाठ करायचं

इथे गैरसमज नको. सगळंच मोकळं सोडलं तर मूल वाहवत जातं. वारकरी कीर्तन ऐकताना मला याचं उत्तर सापडलं. कीर्तनकार एक अभंग घेतात आणि त्याच्या चरणाचरणावर निरूपण करतात. निरूपण त्या गावचं, त्या दिवसाचं असतं. समोर शेतकरी बसले असतील तर पेरणीचा दाखला येईल, लग्नघर असेल तर वेगळा. पण मधून मधून जी प्रमाणं येतात, ज्ञानोबा-तुकोबांचे चरण, त्यात मात्रेचाही फरक चालत नाही. पहिले दोन शब्द उच्चारले की मागचे टाळकरी पुढचं उचलतात. तिथं चुकून कसं चालेल?

भाषणातही प्रमाण आणि निरूपण वेगळं करा. प्रमाण म्हणजे पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, नावं, सनावळ्या, आणि कुणाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर ते. हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. बाकीचं सगळं निरूपण. त्या मानानं पाठ करायचा भाग दहा-बारा ओळींचा होतो.

पहिलं वाक्य पाठ हवं, कारण त्या क्षणी भीती सगळ्यांत जास्त असते. त्यासाठीच "व्यासपीठावर विराजमान"चं लांबलचक संबोधन कापा. "अध्यक्ष महाशय, गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार" एवढं पुरतं. "मी आपणांस जे चार शब्द सांगणार आहे ते शांतचित्ताने ऐकावे" हे वाक्य तर सोडूनच द्या. त्यात तीस सेकंद जातात आणि परीक्षकाची मान पेनाकडं वळते. शेवटचं वाक्य पाठ हवं ते वेगळ्या कारणानं: घंटा कधीही वाजली तरी मुलाला उडी मारून शेवटाला जाता यावं.

नाटकात तर सगळं पाठ असतं, मग ते कसं चालतं, असं पालक विचारतात. नाटकात समोरचा नट वाक्य टाकतो, त्यावर आपलं वाक्य येतं. उठणं, बसणं, पेला उचलणं या हालचालींनाही शब्द बांधलेले असतात, आणि तालमी महिना-महिना चालतात. व्यासपीठावर मूल एकटं असतं.

आणि काही गोष्टी पाठ करूच नयेत, सरळ कागदावरून वाचाव्यात. शोकप्रस्ताव, ठराव, देणगीदारांची यादी, पाहुण्यांचा परिचय. आभार मानताना कुणाचं नाव राहिलं तर त्याचं दुखणं वर्षभर पुरतं. तिथं कागद हातात असण्यात कमीपणा काहीच नाही.

वेळ आणि अडल्यावर काय

माझी मुलं मिनिटाला शंभरेक शब्द बोलतात. तुमच्या मुलाचा वेग घड्याळ लावून बघा. मग तेच भाषण तीन मिनिटांतही करून घ्या. कोणता थांबा गाळायचा हे आधी ठरलेलं असू दे. आमच्या त्या विद्यार्थ्यानं "केसरी" गाळायचं ठरवलं होतं, मला ते आवडलं नव्हतं, पण निर्णय त्याचा होता आणि तो बरोबर निघाला. कारण स्पर्धेत त्याच्या आधीच्या तिघांनी केसरीवरच वेळ घालवला होता. त्यानं एका वाक्यात सांगितलं की केसरीबद्दल आपण आत्ताच ऐकलं आणि तो खटल्यावर गेला. परीक्षकांनी त्या वाक्यावर मान वर केली, मी पाहिलं.

अडलं तर मागे जायचं नाही. हे मुलांकडून दहा वेळा वदवून घ्या. एक श्वास घ्यायचा, चिठ्ठी बघायची, पुढचा थांबा पकडायचा. मधलं राहिलं ते राहिलं. काय राहिलं हे तुमच्याखेरीज कुणाला ठाऊक नसतं. "सॉरी" म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही. बोलणाऱ्याला पाच सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, ऐकणाऱ्याला ती विचार केल्यासारखी वाटते. सरावात मी मुद्दाम मध्येच टेबलावर डबा आपटते किंवा दार उघडून कुणाला तरी आत पाठवते. मुलं आधी दचकतात, मग हसतात, मग बोलत राहतात.

भाषण आधीच पाठ झालं असेल तर

पुष्कळ पालक स्पर्धेला दोन दिवस राहिलेले असताना येतात. भाषण पाठ झालेलं असतं आणि मूल मध्ये मध्ये अडत असतं. अशा वेळी नवं काही सुरू करू नका. तो भाषणाचा कागद घ्या आणि कात्रीनं पाच तुकडे करा. मुलाला तिसरा तुकडा द्या आणि तिथून म्हणायला सांगा, मग पाचवा, मग दुसरा. प्रत्येक तुकड्याच्या मागे त्यानं स्वतः एक शब्द लिहायचा. संध्याकाळी पुढची बाजू झाकून फक्त मागचा शब्द दाखवा आणि त्यातलं काय आठवतं ते त्याच्या बोलीत सांगू द्या, चुकलं तरी टोकू नका. सकाळी पुन्हा एकदा. स्पर्धेला जाताना ते तुकडे घरी ठेवायचे आणि पाच शब्दांची एक चिठ्ठी खिशात. वाटेत गाडीवर भाषण म्हणवून घेऊ नका. मुलाला बाहेर बघू द्या.